स्कूटर सुधारावयाची म्हणजे काय करावयाचे?

आपल्या देशातील लहानमोठ्या गावांत स्कूटर-दुरुस्तीचे एखादे तरी दुकान असते, आणि आपली गाडी अधिक जोरात पळावी अशी इच्छा घेऊन आलेला एखादा तरुण त्या दुकानाच्या दारात हटकून भेटतो. सायलेन्सर पोखरला जातो, कार्बुरेटरमध्ये मोठे जेट बसविले जाते, आणि गाडी पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडू लागली म्हणजे ती अधिक शक्तिमान झाली असा मालकाचा समज होतो. उलट घरातील वडीलधारी मंडळी व शाळेतील गुरुजन ह्यांना हा सारा उद्योगच मुळात वाया गेलेल्या मुलाचे लक्षण वाटतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. यंत्र अधिक चांगले चालावे ही इच्छा निंद्य नाही. ती तर तंत्रविद्येची जननी होय. परंतु ‘अधिक चांगले’ म्हणजे काय, हा प्रश्न न विचारता पान्याला हात घालणे हे मात्र शास्त्रीय वृत्तीला सोडून आहे.

प्रथम ह्या वाहनाचा वंश पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पिआज्यो कारखान्याने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानिओ ह्या विमानविद्येतील अभियंत्याने केला होता आणि तिचे एंजिन अवघे ९८ घनसेंटिमीटरचे होते. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये लँब्रेटा निघाली. भारतात १९५० नंतरच्या दशकात मुंबईस लँब्रेटाची जुळणी होऊ लागली, तर १९६० च्या सुमारास पुण्याजवळ बजाज कारखान्यात परवान्याखाली व्हेस्पा तयार होऊ लागल्या. तो करार १९७१ साली संपला व १९७२ पासून ‘चेतक’ नावाची गाडी घरोघर पोचली. स्वस्त, दणकट व कोणत्याही मिस्त्रीला उघडून पाहता येईल असे यंत्र, हीच ह्या वाहनांची थोरवी होती. त्यांपैकी पुष्कळ गाड्या आजही चालू स्थितीत आहेत, आणि अभ्यासासाठी त्यांच्यासारखे सोपे एंजिन दुसरे नाही.

हे एंजिन दोन धावांचे असते. दट्ट्या एकदा वर व एकदा खाली गेला की कामाचे एक चक्र पुरे होते. इंग्लंडमधील जोसेफ डे ह्यांनी १८९१ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या पद्धतीप्रमाणे दट्ट्याखालील बंद पेटीतच ताजे मिश्रण आधी दाबले जाते व मग बाजूच्या मार्गांनी वर सिलिंडरमध्ये चढते. डोक्यावर झडपा नाहीत, त्या हलविणारी दांड्यांची गुंतागुंत नाही. परंतु ह्या साधेपणाची किंमत मोजावी लागते. ताजे मिश्रण आत येत असते त्याच वेळी जळलेला वायू बाहेर जाण्याचे दार उघडे असते. त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच निसटते, व पेट्रोलात मिसळलेले तेलही धुराच्या रूपाने हवेत जाते.

येथेच सायलेन्सरविषयीच्या भ्रमाचा उलगडा होतो. पुष्कळांस वाटते की सायलेन्सर हा एंजिनाच्या नाकाशी धरलेला बोळा आहे. तो काढला की एंजिन मोकळा श्वास घेईल. दोन धावांच्या एंजिनात वस्तुस्थिती निराळी आहे. बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळीचा आकार योग्य असेल तर त्या लाटेचा परतणारा एक भाग जळका वायू ओढून घेतो, व मागून येणारा दुसरा भाग निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलतो. पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्याच तत्त्वाचा पाठपुरावा करून एम्‌झेड कारखान्याच्या शर्यतीच्या मोटारसायकलींना अपूर्व बळ दिले. म्हणजे ज्या नळीला आपण अडथळा समजतो ती वस्तुतः एंजिनाचाच एक अवयव आहे. ती पोखरणे म्हणजे बासरीला आणखी चार भोके पाडून तिचा सूर सुधारेल अशी आशा करणे होय. आवाज वाढतो, शक्ती पुष्कळदा घटते.

दुसरा भ्रम आकाराचा. चेतकच्या एंजिनात सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ५७ मिलिमीटर. ह्यांवरून घनफळ १४५ घनसेंटिमीटरांहून किंचित अधिक येते. सिलिंडर आतून कापून व्यास अर्धा मिलिमीटर वाढविला तर घनफळ १४८ होते, म्हणजे वाढ शेकडा दोनही नाही. तरीही असे काम करून आणलेली जुनी गाडी एकदम ताजीतवानी वाटते. ह्याचे श्रेय वाढलेल्या घनफळाला नव्हे. झिजलेल्या सिलिंडरमधून व सैल कड्यांमधून जो दाब निसटत होता तो आता निसटत नाही, एवढेच त्याचे इंगित आहे. ज्याला सुधारणा म्हटले जाते ती बहुतांशी पूर्वस्थितीवर आणणे असते, हा ह्या उदाहरणाचा बोध आहे.

मग खरी जुळवणी कशात आहे? ती वेळेत व प्रमाणात आहे. मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात एका फेऱ्याला सेकंदाचे १२ हजारांश लागतात. दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या २० अंश आधी ठिणगी पडावयाची असेल, तर तिला मिळणारी सवड सेकंदाच्या पंधराशेव्या भागाएवढी असते. ठिणगी उशिरा पडली तर उष्णता कामी न येता नळीवाटे बाहेर जाते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच घाव बसतो, एंजिन ठोके देऊ लागते व दट्ट्याला भोकही पडू शकते. तसेच मिश्रणाचे. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल ह्याहून थोडे अधिक, व काटकसर साधावयाची असेल तेव्हा थोडे कमी द्यावे लागते. पेट्रोल फार कमी झाले तर एंजिन तापते व दट्ट्या जखडतो. प्लग काढून पाहिला असता त्याचे टोक बदामी दिसले तर प्रमाण ठीक, पांढुरके दिसले तर पेट्रोल अपुरे, काजळीने काळे झाले तर पेट्रोल जास्त, हे आमचे मिस्त्री पूर्वीपासून जाणतात. त्यांच्या ह्या ज्ञानाचा मान राखला पाहिजे.

तेलाच्या बाबतीतही हेच घडते. जुन्या व्हेस्पा पद्धतीच्या एंजिनांत शंभर भाग पेट्रोलाला दोन भाग तेल पुरते. पाच लिटरांना १०० मिलिलिटर. एंजिनाचे हित व्हावे म्हणून दुप्पट तेल ओतणारे मालक पुष्कळ आहेत. त्या वाढीव तेलाने नळीत काजळी साठते, प्लग भिजतो, आणि पेट्रोलाची जागा तेलाने घेतल्यामुळे मिश्रण उलट पातळ होते. काजळी खरवडणे, ठिणगीची वेळ लावणे, हवेची गाळणी धुणे, क्लचची तार नीट ताणणे, टायरांत योग्य दाबाची हवा भरणे ही कामे करून गाडीचा जो गुण वाढतो तो पुष्कळदा महागड्या सुट्या भागांनीही वाढत नाही. परंतु ह्या कामांत मिरविण्यासारखे काही नसते, म्हणून ती मागे पडतात.

आता वेगाचा विचार करू. हवेच्या विरोधापुरते बोलावयाचे तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल वेग एकदशांशाने वाढवावयाचा असेल तर शक्ती सुमारे एकतृतीयांशाने वाढविली पाहिजे. ह्या व्यवहारात लाभ थोडा व खर्च फार. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ४० किलोमीटरांवरून ६० वर गेले की वेग दीडपट होतो. पण ब्रेकांनी शोषावयाची ऊर्जा, आणि सर्वसाधारणपणे थांबण्यास लागणारे अंतर, सव्वादोनपट होते. दहा इंची चाकांच्या गाडीचे ब्रेक तिच्या मूळच्या शक्तीचा हिशेब करून बनविलेले असतात. म्हणून सुधारणेचा क्रम ठरलेला असावा : प्रथम ब्रेक, मग टायर, मग दिवे, आणि सर्वांत शेवटी एंजिन. जो मिस्त्री हा क्रम उलटा करतो तो गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन त्याच्या जिवाशी खेळतो, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, शर्यतीतील एंजिने एवढ्याच आकारमानातून कितीतरी अधिक शक्ती देतात, त्याचे काय? हे खरे आहे. काडेन ह्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने १९६१ च्या सुमारास २५ अश्वशक्ती दिली. लिटरला २०० अश्वशक्तीचे ते प्रमाण त्या काळी विलक्षण होते. परंतु असे एंजिन केवळ फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच जोर धरते, शर्यतीमागून शर्यतीस उघडून तपासावे लागते, आणि भाजी बाजारातून हळूहळू घरी आणण्यास ते अगदी निरुपयोगी असते. मल्लाचा खुराक कारकुनाला मानवत नाही.

आजच्या स्कूटरींनाही हा विचार लागू पडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा ह्या मानकांमुळे चार धावांच्या नव्या गाड्यांत पेट्रोल पिचकारीने सोडण्याची पद्धत सर्रास आली. मिश्रणाचे प्रमाण आता विद्युत्-यंत्रणा ठरविते व निष्कास वायूतील प्राणवायू मोजून ते सावरते. अशा गाडीचा सायलेन्सर बदलणे म्हणजे तिच्या नाकालाच फसविणे होय. गिअर नसलेल्या गाडीत पट्ट्याच्या कप्पीतील रोलर हलके बसविले तर एंजिन अधिक फेऱ्यांवर राहून उठाव चांगला देते, पण पेट्रोल अधिक पिते. फुकट काही मिळत नाही. एका गुणाच्या मोबदल्यात दुसरा द्यावा लागतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई करते. हा निर्बंध जाचक वाटला तरी त्यामागे रस्त्यावरून चालणाऱ्या, रात्री झोपू पाहणाऱ्या व तोच धूर हुंगणाऱ्या इतर नागरिकांचा हक्क उभा आहे.

तेव्हा मुलांस ह्या विषयापासून दूर ठेवावे काय? मुळीच नाही. आमची सूचना अशी की, ज्या शाळेला शक्य असेल तिने भंगारात निघालेले एक दोन धावांचे एंजिन मिळवून कार्यशाळेत ठेवावे. मुलांनी ते उघडावे, व्यास व धाव मोजून घनफळ काढावे, ठिणगीचा कोन अंशमापकाने पाहावा. चालू गाडीची परीक्षा जाणत्या प्रौढ माणसाने चालवून व्हावी : मोजून १०० मिलिलिटर पेट्रोल, तोच रस्ता, तेवढेच ओझे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आधीचे व नंतरचे आकडे वहीत लिहावेत, आणि बदल अपायकारक ठरला तर तोही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावा. मिस्त्रीचा कान व विद्यार्थ्याची वही एकत्र आली तर दोघांचेही ज्ञान वाढेल. आज तो कान मिस्त्रीबरोबरच निवृत्त होतो, कारण त्याने काय ऐकले हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

ज्या मुलाने एकदा अशी वही राखली तो रस्त्यावर आवाजाला भुलणार नाही. मोटारीच्या दुकानात ‘गाडी आता उडेल’ असे कोणी सांगू लागला, तर तो शांतपणे विचारील : किती, कशाच्या मानाने, आणि ब्रेकांचे काय? हे तीन प्रश्न विचारणारा नागरिक घडविणे हे काम स्कूटरीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. पण त्याचा आरंभ एका जुन्या स्कूटरीपासून करता येण्याजोगा आहे.