ओतीव अक्षरे आणि ठोकलेली अक्षरे

जुन्या मोटारीचे इंजिन कोणते, हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा आणि मिस्त्रींचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याची सोय झाली. क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. अट अशी की, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. वाचताना ही अट रास्त वाटते. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या जुन्या जीपगाड्या डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे मात्र ती इतिहासावर अन्याय करणारी आहे, असे आमचे मत झाले आहे.

इंजिनावर दोन प्रकारची अक्षरे असतात आणि त्यांची गल्लत हा या विषयातला मोठा घोटाळा आहे. पहिली ओतीव. वाळूचा साचा ज्या नमुन्यावरून घडवतात त्या नमुन्यावरच आकडे बसवलेले असतात. लोखंड ओतले की ते ब्लॉकच्या अंगावर उठून दिसतात. हा क्रमांक विशिष्ट इंजिनाचा नव्हे, त्या ओतकामाच्या नमुन्याचा असतो. एकाच नमुन्यातून वर्षानुवर्षे हजारो ब्लॉक निघतात आणि कधी कधी ते वेगवेगळ्या मॉडेलांत बसतात. काही कारखाने शेजारी ओतल्याची तारीखही घालत. दुसरी अक्षरे ठोकलेली. यंत्रावर सपाट केलेल्या छोट्या जागेवर पंचाने खोलगट उमटवलेली ही अक्षरे त्या एकाच इंजिनाची असतात आणि आरसी बुकात तीच उतरतात.

आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना हा भेद परका नाही. हस्तलिखिताचा कागद, शाई आणि अक्षरवळण एक साक्ष देतात, शेवटची पुष्पिका दुसरी. पुष्पिकेत लेखनिकाचे नाव आणि शक असतो, म्हणून आपण आधी तिकडे धावतो. पण खोटी पुष्पिका लिहिणे सोपे, कागद जुना करणे अवघड. इंजिनाचेही तसेच आहे. ठोकलेला क्रमांक घासून नवा ठोकता येतो. ओतीव क्रमांक बदलणे फार कष्टाचे. म्हणून जाणकार आधी ओतीव आकडे पाहतो, ते त्या काळाशी जुळत असतील तरच ठोकलेल्या आकड्यांवर विश्वास टाकतो. सपाट जागेवर यंत्राच्या बारीक रेषा राहिल्या आहेत काय, हेही तो बघतो. हाताने ठोकलेले जुने आकडे थोडे वाकडेतिकडे असतात. फार सरळ, एकसारखी ओळ दिसली की शंका घ्यावी. (जुन्या पोथीत एकही खाडाखोड नसली की आपल्यालाही तसेच वाटते.)

आता जीपचे पाहू. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या. इंजिन एकाच आराखड्याचे, चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. विलीजच्या इंजिनक्रमांकाआधी 'एमबी', फोर्डच्या आधी 'जीपीडब्ल्यू'. फोर्डने चेसिस आणि इंजिन यांवर एकच क्रमांक ठोकला. विलीजचे दोन क्रमांक मुळातच वेगळे असत. म्हणजे विलीजच्या बाबतीत 'क्रमांक जुळतात काय' हा प्रश्नच चुकीचा. त्यातून सुटे भाग एकमेकांत बसत असल्याने लष्करी कार्यशाळांत इंजिनांची अदलाबदल युद्धकाळातच होऊन गेली. पुढे महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला व नंतर बनवायला घेतली. त्यांच्या सीजे-३बी या मॉडेलचे बॉनेट उंच दिसते, कारण त्यातल्या इंजिनाचे आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. क्रमांक वाचण्याआधी एवढे तरी दुरूनच कळते.

या गाड्या नीरा डाव्या कालव्याच्या उसाच्या मुलखात आल्या तेव्हा त्या कोणी जपून ठेवण्यासाठी आणल्या नव्हत्या. पेट्रोल परवडेना तेव्हा मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले गेले. ब्लॉकला लायनर पडले, हेड घासले गेले, कोणाच्या चेसिसवर कोणाचे इंजिन चढले. उतरवलेले इंजिन भंगारात गेले, नाहीतर विहिरीवर पाणी उपसायला लागले. हा फेरफार म्हणजे त्या गाडीचे चरित्र आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही आपण परंपरेचाच भाग मानतो. राजवाड्यांनी १९०९ साली त्याआधीची म्हणून प्रत छापली, तिच्या प्राचीनतेवर वाद झाला, तरी कोणी एकनाथी प्रत फेकून दिली नाही. ज्या बारामतीत मोरोपंतांनी आयुष्य काढले तेथे तरी पाठभेद म्हणजे कलंक, असे मानले जाऊ नये.

इंदापूर तालुक्याला तर मोटारीचा इतिहास सांगण्याचा खास अधिकार आहे. कळंबच्या माळावर ज्यांच्या नावाने वालचंदनगर उभे राहिले, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या, पुढे फियाट ११०० आली आणि १९७० च्या दशकात तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. त्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत, तेव्हा नियमाची कसोटी त्यांनाही लागेल.

कसोटीचा परिणाम काय होणार? 'मूळ इंजिन' असेल तर किंमत आणि नोंदणी. नसेल तर दोन्ही नाही. मग मूळ इंजिन तयार केले जाईल. तसा ब्लॉक शोधायचा, जुना क्रमांक घासायचा, आरसी बुकातला नवा ठोकायचा. प्रामाणिकपणे डिझेल इंजिनाची नोंद करून घेतलेला शेतकरी अपात्र आणि पंच चालवणारा दलाल पात्र, अशी ही विचित्र शुद्धता आहे. आमचे म्हणणे एवढेच की, आरसीवर रीतसर नोंदलेला जुना इंजिनबदल अपात्रतेचे कारण होऊ नये, तो वाहनाच्या नोंदीत ठळक लिहिला जावा. तपासणी करायचीच तर ती खोट्या क्रमांकाची करावी. पंचाच्या घावाखालचे लोखंड आतपर्यंत दबलेले असते. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाने घासलेला क्रमांक पुन्हा वाचता येतो. पोलादावर हे चांगले जमते, ओतीव लोखंडावर कठीण जाते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांना ही रीत नवी नाही.

तोवर ज्यांच्या गोठ्याशेजारी अशी एखादी गाडी उभी आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जुने आरसी बुक, मग ते कितीही फाटलेले असो, टाकू नये. आणि ब्लॉकवरची काजळी-ग्रीस रॉकेल व मऊ ब्रशने काढून, कागद ठेवून पेन्सिलीने दोन्ही क्रमांकांचा ठसा घ्यावा, जसा आरटीओत चेसिसचा घेतात. पॉलिशपेपर मात्र लावू नये. त्याने त्या बारीक रेषा जातात आणि खऱ्या क्रमांकाचाही पुरावा उरत नाही.