ओट्यातली शेगडी आणि दुरुस्तीचा हक्क

शेगडी बिघडली की आज बहुतेक घरांत ‘दुरुस्त कोण करून देईल?’ हा प्रश्न आधी येत नाही. ‘आता कोणती घ्यायची?’ हा येतो. प्रश्नातला हा बदल गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे आणि केवळ हाती चार पैसे अधिक आले म्हणून तो झाला, असे म्हणता येणार नाही. वस्तू ज्या रीतीने बनू लागल्या, विकल्या जाऊ लागल्या आणि घरात बसवल्या जाऊ लागल्या, त्या रीतीनेच दुरुस्तीचा विचार आपल्या मनातून हळूहळू बाजूला सारला. याचे बोलके उदाहरण स्वयंपाकघरातच आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये कायमची बसवलेली, वर काळी काच असलेली ती गॅसची शेगडी, जिला दुकानदार ‘हॉब’ म्हणतात.

पूर्वीची शेगडी ओट्यावर ठेवलेली असे. बिघडली की नळी काढावी, पिशवीत घालावी आणि नाक्यावरच्या दुकानात नेऊन द्यावी, संध्याकाळी ती परत येई. हॉबला दगडात मापाने कापलेले भोक लागते आणि हे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे, इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचेही वेगळे असू शकते. त्यामुळे बारा-पंधरा वर्षांनी हॉब कुरकुरू लागला की गृहस्थाच्या ध्यानात येते, की आपण विकत घेतली ती शेगडी आता ओट्याचाच एक भाग होऊन बसली आहे. नवा हॉब लहान असेल तर चहूबाजूंनी फट राहते. मोठा असेल तर ग्रॅनाइट कापावे लागते. जुना दगड कापताना तडकण्याची धास्ती वेगळीच. खालचे खण हलवावे लागतात, म्हणजे सुतार आला. एका शेगडीपायी आठवडाभर घरात धूळ, बाहेरचे जेवण आणि शेवटी ‘एवढे केलेच आहे तर ओटाही बदलून टाकू’ हा विचार!

आमच्या परिचयातील एका कुटुंबात असेच घडायचे होते. तीन बर्नरांचा, तेरा वर्षे वापरलेला हॉब. मधला बर्नर पेटे, पण नॉबवरचा हात काढताच विझून जाई. कंपनीच्या माणसाने येऊन दोन मिनिटांत निर्णय दिला, “हे मॉडेल बंद झाले आहे, पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या.” घरातल्या आजींना ते पटले नाही. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या, एकेकाळी रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावणे धाडले. त्याने हॉब उचलून उलटा केला, एक भाग बदलला, दोन कॉक उघडून साफ करून पुन्हा ग्रीस लावले, जेट साफ केले आणि दीड तासात तिन्ही बर्नर निळ्या ज्योतीने पेटवून दाखवले. नव्या हॉबच्या किमतीचा दहावा हिस्साही खर्च झाला नाही.

त्याने बदललेला भाग म्हणजे थर्मोकपल. हे नाव मोठे वाटते, पण त्यातली करामत साधी आहे आणि ती प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे. दोन वेगवेगळ्या धातूंचे जोडलेले टोक ज्योतीत तापले की त्यातून व्होल्टच्या काही हजारांश भागाइतकी वीज निर्माण होते. तेवढ्या क्षीण विजेवर एक लहानसे चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवते. दूध उतू गेले, वारा आला आणि ज्योत विझली, की टोक थंड होते, वीज थांबते आणि स्प्रिंग झडप बंद करते. गॅस घरात पसरत नाही. या टोकावर वर्षानुवर्षांचा चिकटा आणि काजळी बसली किंवा त्याची जोडणी ढिली झाली, की ज्योत चालू असूनही झडप मिटते. अनेकदा नुसते टोक पुसून, जोडणी घट्ट करूनच काम भागते. मात्र ‘कटकट नको’ म्हणून ही व्यवस्थाच काढून टाकून देणारे काही कारागीर असतात. त्यांना तसे करू देऊ नये.

शेगडीचे बाकीचे बिघाडही असेच मोजके आहेत. ज्योत पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी पडू लागली, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. बर्नरची भोके डाळीच्या नाहीतर दुधाच्या सायीने बुजलेली असतात, किंवा खालच्या नळीत झुरळाचे बस्तान असते. बर्नर मंद असेल तर पितळी जेटमध्ये कचरा अडकलेला असतो. नॉब घट्ट फिरत असेल तर कॉकमधले ग्रीस वाळलेले असते. आपोआप पेटणारी शेगडी पेटत नसेल, तर पुष्कळदा दोष फक्त संपलेल्या सेलचा असतो. यांपैकी कशासाठी ओटा फोडावा लागतो, हे वाचकांनीच सांगावे.

शेगडी मुळात किती दीर्घायुषी वस्तू आहे, याचा पुरावा मुंबई-पुण्यातील हजारो घरांनी पाहिला आहे. सिलिंडर जाऊन नळाने गॅस आला, तेव्हा जुन्या शेगड्या फेकून द्याव्या लागल्या नाहीत. नळाने येणारा नैसर्गिक वायू सिलिंडरमधील वायूहून हलका. तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता अडीच पटीने कमी. म्हणून अधिक वायू यावा यासाठी जेटचे भोक मोठे करावे लागते. जोडणी करणारा माणूस येतो, जेट बदलतो आणि वीस वर्षांची शेगडी नव्या इंधनावर चालू लागते. इंधन बदलले तरी जी वस्तू टिकते, ती एका थर्मोकपलपायी भंगारात का जावी?

आपल्याकडे हे नवे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा संसार कल्हईवाल्याच्या जिवावर चालत असे. दारात खड्डा करून तो भाता लावी, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने ते असे पसरवी की आतून चांदी वाटावी. आंबट पदार्थ पितळेला लागून कळकू नये म्हणून वर्षातून एक-दोन वेळा हे करावेच लागे आणि त्याचे कुणाला ओझे वाटत नसे. पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका येत, गादी पिंजणारा येई. पुढे पंपाचा स्टोव्ह आला, तर त्याची पिन, वॉशर आणि बर्नर किराणा दुकानात मिळू लागले. आजही प्रेशर कुकरची रिंग आणि शिट्टी तालुक्याच्या बाजारात सहज मिळते. आईचा कुकर सून वापरते, तो याच एका कारणाने. वस्तू विकत घेताना तिची देखभाल कोण करणार, हे तेव्हा वेगळे विचारावे लागत नसे. तो माणूस आठवड्याच्या बाजारी भेटतच असे. (जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रॉकेलच्या स्टोव्हने या महाराष्ट्रात किती सुना-लेकी भाजल्या, हे विसरण्यासारखे नाही.)

आज हा माणूस बाजारातून नाहीसा होत चालला आहे. त्याची मुले त्या धंद्यात येत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही; कारण ज्याच्या हाती सुटा भागच पडू दिला जात नाही, तो दुरुस्ती करणार कशी? खरी गोम इथे आहे. काटकसरीचा उपदेश गृहिणीला करून उपयोग नाही, ती मुळातच काटकसरी असते. टफन केलेल्या काचेचेच पाहा. ती एकदा भट्टीतून निघाली की नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. म्हणजे हॉबची काच फुटली तर नेमक्या त्याच मापाची काच कंपनीनेच द्यावी लागते. तिने पाच वर्षांत ती देणे बंद केले, तर खालचे पितळी बर्नर, कॉक, नळ्या सारे ठणठणीत असूनही संपूर्ण हॉब निकामी ठरतो. हा बिघाड शेगडीचा म्हणायचा की व्यवहाराचा?

सरकारच्या पातळीवर याची दखल घेतली गेली आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातल्या कारागिरांना मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावरील ठपका होता. दंडावर पुढे अपिले झाली. पण गाडी विकल्यानंतरही गिऱ्हाइकाला बांधून ठेवणे गैर आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने मांडले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. फ्रान्सने २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर ‘ही कितपत दुरुस्त होऊ शकते’ याचे गुण छापणे बंधनकारक केले. तसाच निर्देशांक आपल्याकडे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आणण्याचा विचार २०२४ पासून समितीच्या पातळीवर झाला आहे. हे सारे योग्य दिशेचे आहे. पण संकेतस्थळावर माहिती देणे कंपन्यांच्या राजीखुशीवर राहिले, तर गावातल्या दुकानदाराच्या मागणीला कोण भीक घालणार? अमुक वर्षांपर्यंत सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे आणि मोबाइलच्या झगमगाटात शेगडी, मिक्सर, पाण्याचा पंप या रोजच्या वस्तू विसरल्या जाता कामा नयेत.

दुरुस्तीचा आग्रह धरताना विवेकही हवा. गॅसची रबरी नळी ही दुरुस्त करण्याची वस्तू नव्हे. तिला चिकटपट्टी लावणे हा जिवाशी खेळ आहे. आतून तारेची जाळी असलेली, मानक ब्युरोचे चिन्ह असलेली केशरी नळी पाच वर्षांनी बदललीच पाहिजे. कॉक साफ करून, ग्रीस लावूनही गॅस झिरपत असेल, तर कॉक नवा घालावा. शेगडीचा पत्रा गंजून पोखरला असेल, तर ती सन्मानाने निरोप द्यावी अशी झाली, हे मान्य करावे. दुरुस्तीनंतर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून पाहणारा कारागीर कितीही अनुभवी असो, त्याला दारातूनच परत पाठवावे. आणि कधी गॅसचा वास आलाच तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

ओट्यातल्या हॉबच्या बाबतीत एक धोका असा आहे, की नळी डोळ्यांआड असते. ती खणांच्या मागून, कपाटाच्या पाठीतून जाते. तिथे उंदीर पोहोचतो, घरातल्यांची नजर पोहोचत नाही. सिलिंडरमधला वायू हवेहून जड असल्याने झिरपला तर तो खालीच, बंद कपाटात साठतो. पुष्कळ घरांतून, हॉब बसवल्यापासून ती नळी कुणी पाहिलेलीच नाही. दुरुस्तीसाठी एकदा हॉब उचलला की निदान ती तरी नजरेस पडते.

तेव्हा नव्या घराचा ओटा करू पाहणाऱ्यांनी दुकानात काचेचा रंग ठरवण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. या मॉडेलची काच वेगळी मिळते का? थर्मोकपल आणि कॉक बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का? बर्नर पितळी आहेत का? आपल्या गावात हे उघडून देणारा माणूस कोण? उत्तरे लेखी मागावीत. विक्रेता गडबडला तर पुढच्या दुकानाची वाट धरावी. दगड कापून घेताना मापाचा कागद घरातल्या फायलीत जपून ठेवावा. ज्यांच्या घरी हॉब आधीच आहे, त्यांनी कंपनीने ‘पार्ट येत नाहीत’ म्हटले तर तेही लेखी घ्यावे, बिलासह ग्राहक साहाय्यता क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या भागातल्या जुन्या कारागिराचा पत्ता शोधून ठेवावा. आणि सुताराला सांगून हॉबखालच्या कपाटाच्या दारांना हवेसाठी जाळी व नळीपर्यंत हात पोहोचेल एवढी एक झडप आवर्जून करून घ्यावी.