विश्लेषण : सत्ता सोडणारा हुकूमशहा… सुल्लाचे कायदे बुडाले, पायंडा मात्र का उरला?

रोमचा इतिहास म्हटले की आपल्याला ज्युलियस सीझर आठवतो. पण सीझरने जे केले ते त्याच्या ३९ वर्षे आधी दुसऱ्याच एकाने करून दाखवले होते. इ.स.पू. ८८ मध्ये ल्युशियस कॉर्नेलियस सुल्ला हा सेनापती रोमचेच सैन्य घेऊन रोमवर चालून गेला. प्रजासत्ताकाच्या चार शतकांत असे कुणी केले नव्हते. पुढे तो हुकूमशहा झाला, हजारोंचे बळी घेतले, राज्यव्यवस्थेची नव्याने घडी बसवली आणि मग सगळी सत्ता सोडून घरी निघून गेला. सत्ता सोडली म्हणून त्याला आजही थोडे झुकते माप मिळते. ते का मिळू नये, हे समजून घेण्यासाठी त्याची कारकीर्द पाहायला हवी.

सुल्ला कोण होता?

इ.स.पू. १३८ मध्ये एका जुन्या पण उतरती कळा लागलेल्या उमराव घराण्यात त्याचा जन्म झाला. घराणे मोठे असले तरी पैसा नव्हता. तरुणपणी तो भाड्याच्या खोल्यांत राहत असे, नटनट्या आणि गायकांच्या संगतीत रमत असे. इ.स.पू. १०७ मध्ये तो क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा हिशेब पाहणारा कनिष्ठ अधिकारी झाला आणि गायस मारियस या सेनापतीच्या हाताखाली उत्तर आफ्रिकेत गेला. तिथे नुमिडियाचा राजा जुगुर्था रोमला वर्षानुवर्षे झुलवत होता.

इ.स.पू. १०५ मध्ये सुल्लाने जीव धोक्यात घालून शेजारच्या मॉरेटानियाचा राजा बोकस याच्याशी बोलणी केली आणि बोकसने जुगुर्थाला त्याच्या ताब्यात दिले. विजयाची मिरवणूक मारियसची निघाली. सुल्लाने मात्र हाच प्रसंग कोरलेली अंगठी करून घेतली आणि पत्रांवर तिचाच शिक्का मारू लागला. मारियसला ते झोंबले. दोघांतल्या वैराचे मूळ इथे आहे.

रोमवर चाल करण्याचे कारण काय घडले?

इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतील मित्रराष्ट्रांनी नागरिकत्वाच्या मागणीवरून रोमविरुद्ध बंड केले. या युद्धात सुल्लाने दक्षिणेची आघाडी गाजवली आणि इ.स.पू. ८८ मध्ये तो कॉन्सल झाला. कॉन्सल म्हणजे वर्षभरासाठी निवडून येणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. त्याच वर्षी पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याने आशिया मायनरमधील रोमन आणि इटालियन रहिवाशांची कत्तल घडवून आणली. त्याच्याविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व सिनेटने सुल्लाकडे दिले. पूर्वेतील मोहीम म्हणजे कीर्ती आणि लूट दोन्ही.

मारियस तेव्हा सत्तरीकडे झुकला होता, सहा वेळा कॉन्सल होऊन गेला होता, तरी त्याला ही मोहीम हवी होती. सल्पिशियस या ट्रिब्यूनने त्याला साथ दिली. ट्रिब्यून हा सामान्य जनतेचा निवडून आलेला प्रतिनिधी. त्याला कायदा मांडण्याचा आणि नकाराधिकार वापरण्याचा हक्क असे. रस्त्यावरच्या दांडगाईच्या जोरावर सल्पिशियसने जनसभेत कायदा मंजूर करून घेतला आणि मोहीम सुल्लाकडून काढून मारियसला दिली.

सुल्ला नोला शहराजवळच्या तळावर गेला. तिथे त्याच्या सहा लीजन होत्या. आपल्यावर झालेला अन्याय त्याने सैनिकांना सांगितला. मारियस नवे सैन्य नेईल आणि पूर्वेची लूट आपल्या हातून जाईल, हे सैनिकांना वेगळे सांगावे लागले नाही. ताबा घ्यायला आलेल्या मारियसच्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचून मारले आणि रोमकडे कूच केले.

इथला एक तपशील महत्त्वाचा आहे. इतिहासकार ॲपियन सांगतो की एक क्वेस्टर वगळता सुल्लाचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. स्वतःच्या शहरावर सैन्य नेणे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. सैनिक मात्र गेले. रोम पडले, मारियस पळाला, सल्पिशियस मारला गेला.

दुसऱ्यांदा रोम जिंकण्याची वेळ का आली?

सुल्लाने घाईघाईत काही कायदे केले, पुढच्या वर्षीचा कॉन्सल सिना याच्याकडून एकनिष्ठेची शपथ घेतली आणि तो ग्रीसला रवाना झाला. शपथ काही महिनेही टिकली नाही. सहकारी कॉन्सलने शहराबाहेर काढल्यावर सिना थेट कॅम्पानियातल्या रोमन सैन्याकडे गेला, सैनिकांना आपली कैफियत ऐकवली आणि मारियसला सोबत घेऊन रोमवर चालून आला. नोला याच कॅम्पानियात आहे. सुल्लाने लावलेली वाट वर्षभरात त्याच्याच शत्रूने वापरली. मारियस सातव्यांदा कॉन्सल झाला आणि काही दिवसांतच वारला.

इकडे सुल्लाने लांबलेल्या वेढ्यानंतर इ.स.पू. ८६ मध्ये अथेन्स जिंकले, कायरोनिया आणि ऑर्कोमेनस इथे मिथ्रिडेटीसच्या मोठ्या फौजा हरवल्या. सेनापती म्हणून त्याच्या कौशल्याबद्दल वाद नाही. पण इ.स.पू. ८५ मध्ये त्याने मिथ्रिडेटीसशी तुलनेने सौम्य अटींवर तह केला, कारण त्याला परतायचे होते. ८० हजार लोकांच्या कत्तलीचा जाब अर्धवट सोडून तो घरच्या शत्रूंकडे वळला. इ.स.पू. ८३ मध्ये तो इटलीत उतरला. २३ वर्षांचा पाँपी स्वतः उभारलेले सैन्य घेऊन त्याला मिळाला, क्रॅससही आला. १ नोव्हेंबर ८२ रोजी रोमच्या कॉलाइन दरवाजाबाहेरची लढाई जिंकून सुल्ला सर्वेसर्वा झाला.

मृत्यूच्या याद्या म्हणजे काय?

रोममध्ये ‘डिक्टेटर’ हे कायदेशीर पद होते, पण ते संकटकाळासाठी आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. १२० वर्षे कुणी त्या पदावर बसले नव्हते. सुल्लाने ते मुदतीशिवाय घेतले, कायदे करण्यासाठी आणि राज्याची घडी बसवण्यासाठी.

त्याच सुमारास चौकात नावांच्या याद्या लागू लागल्या. यादीत नाव आले की तो माणूस कायद्याबाहेर. मारणाऱ्याला बक्षीस, लपवणाऱ्याला मृत्युदंड. संपत्ती जप्त होऊन लिलावात जाई. मुलांना आणि नातवांनाही सार्वजनिक पदे बंद. मृतांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. एका रोमन लेखकाने तो ४,७०० दिला आहे.

यादीत राजकीय शत्रू होते, तसेच नुसते श्रीमंतही होते. सेक्स्टस रोशियसचे प्रकरण त्याचा पुरावा आहे. याद्या बंद झाल्यानंतर मारल्या गेलेल्या या जमीनदाराचे नाव मागाहून यादीत घुसवले गेले आणि ६० लाख सेस्टर्सची मालमत्ता अवघ्या दोन हजारांत विकली गेली. घेणारा होता क्रायसोगोनस, सुल्लाचाच मुक्त केलेला गुलाम. वर, खून मुलानेच केला असा खटला भरण्यात आला. इ.स.पू. ८० मध्ये २६ वर्षांच्या सिसेरोने या मुलाचा बचाव केला आणि तो जिंकला. हुकूमशहाच्या माणसाचे नाव भर न्यायालयात घेणे हे तेव्हा धाडसच होते.

कायदे कोणते केले?

हे कायदे एखाद्या माथेफिरूचे नव्हते. त्यामागे पक्का विचार होता. सिनेटची सदस्यसंख्या सुमारे ६०० केली. क्वेस्टर २० आणि प्रेटर ८ केले. क्वेस्टरसाठी ३०, प्रेटरसाठी ३९ आणि कॉन्सलसाठी ४२ वर्षे अशी किमान वये ठरवली. पुन्हा कॉन्सल व्हायचे तर मध्ये दहा वर्षे जायला हवीत. वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी कायम न्यायालये उभी केली आणि पंच म्हणून सिनेटर नेमले. ट्रिब्यूनचे कायदा मांडण्याचे आणि नकाराधिकाराचे हक्क छाटले; एकदा ट्रिब्यून झालेल्याला पुढचे कोणतेही पद बंद केले, म्हणजे महत्त्वाकांक्षी तरुण तिकडे फिरकणारच नाहीत. आणि प्रांताच्या राज्यपालाने परवानगीशिवाय सैन्य घेऊन प्रांताबाहेर पडणे हा राजद्रोह ठरवला.

सगळी यादी एकत्र पाहिली की उद्देश कळतो. पुन्हा कुणी सल्पिशियस होऊ नये, पुन्हा कुणी मारियस होऊ नये. आणि पुन्हा कुणी सुल्लाही होऊ नये.

मग तो पायउतार झाला. अंगरक्षकांशिवाय चौकात फिरू लागला. ॲपियनने एक प्रसंग नोंदवला आहे. एक तरुण सुल्लाला घरापर्यंत शिव्या देत गेला. सुल्लाने त्याला काही केले नाही. एवढेच म्हणाला की या पोरामुळे पुढचा कुणी सत्ता सोडणार नाही. इ.स.पू. ७८ मध्ये तो वारला.

कायदे किती टिकले?

त्याच वर्षी कॉन्सल लेपिडसने सुल्लाच्या व्यवस्थेविरुद्ध बंड उभारले. ते मोडले, पण इ.स.पू. ७५ मध्ये ट्रिब्यूनवरची पुढील पदांची बंदी उठली. इ.स.पू. ७० मध्ये त्यांचे उरलेले अधिकारही परत आले आणि न्यायालयांवरची सिनेटरांची मक्तेदारी गेली. सुल्लाच्या मृत्यूला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

अधिकार परत देणारे कॉन्सल होते पाँपी आणि क्रॅसस, दोघेही सुल्लाचेच सरदार. त्यातही पाँपी ३५ वर्षांचा होता आणि त्याने आधीचे एकही पद भूषवले नव्हते. सिनेटचे कामकाज कसे चालते हे कळावे म्हणून त्याने विद्वान मित्र व्हॅरो याच्याकडून मार्गदर्शिका लिहून घेतली. सुल्लाने घालून दिलेली वयोमर्यादा पहिल्यांदा धाब्यावर बसवली ती त्याच्याच लाडक्याने, शहराबाहेर सैन्य उभे असताना.

इ.स.पू. ४९ मध्ये सीझर एका लीजनसह रुबिकॉन ओलांडून इटलीत शिरला. सैन्यासह प्रांताबाहेर न पडण्याचा नियम तेव्हाही होता. सुल्लाला त्याचे जवळजवळ सगळे अधिकारी सोडून गेले होते. सीझरला सोडून गेलेल्यांत ठळक नाव एकच, लाबिएनस. ३९ वर्षांत कायदे वाढले होते, लाज मात्र संपली होती. सीझरने पुढे डिक्टेटर हे पद तहहयात घेतले. इ.स.पू. ४३ मध्ये त्याच्या वारसांनी मृत्यूच्या याद्याही पुन्हा लावल्या आणि त्यात सिसेरोचा बळी गेला.

चूक नेमकी कुठे झाली?

इंजिनिअरिंगमध्ये एक साधी गोष्ट शिकवतात. यंत्र जिथून तुटले तो भाग तसाच ठेवून बाकी सगळे बदलले, तर ते पुन्हा तिथूनच तुटते. रोमचे यंत्र नोलाच्या तळावर तुटले होते. मारियसने भूमिहीन गरिबांना सैन्यात घ्यायला सुरुवात केली होती. निवृत्तीनंतर त्यांना जमीन देण्याची कोणतीही कायमची व्यवस्था राज्याकडे नव्हती. जमीन मिळायची ती सेनापतीच्या वजनामुळे. म्हणून संकटात सैनिक सिनेटकडे पाहत नसे, सेनापतीकडे पाहत असे.

सुल्लाने ट्रिब्यूनला बांधले, वये ठरवली, न्यायालये उभारली. या एका गोष्टीला मात्र हात लावला नाही. उलट इटलीतल्या शहरांकडून जमिनी हिसकावून त्याने आपल्या हजारो सैनिकांना त्यावर वसवले. पाँपेईसुद्धा अशी वसाहत झाली. योग्य सेनापतीच्या मागे रोमवर चालून गेलो तर शेत मिळते, हा धडा त्याने स्वतःच पक्का केला.

सुल्लाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे नाही. हिंसा त्याने सुरू केली नव्हती. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनला सिनेटरांनीच ठार केले होते. सल्पिशियसचा कायदाही दंडेलीने आला होता. सुल्लाची कायम न्यायालये, वाढवलेली सिनेट, पदांचा क्रम यांतले बरेच काही पुढेही चालू राहिले. कामकाजाची घडी बसवण्यात तो कमी पडला नाही.

पण ज्या नियमांचे काम सत्तेला आवर घालणे हेच होते, ते पडले. कारण नियम करणारा स्वतः ते मोडूनच त्या जागेवर पोहोचला होता आणि हे सगळ्यांनी पाहिले होते. पाँपीने पाहिले, क्रॅससने पाहिले. तेव्हा विशीही न गाठलेल्या सीझरनेही पाहिले. सिनाच्या मुलीला, म्हणजे आपल्या पत्नीला सोडायला नकार दिल्याने तो सुल्लाच्या तडाख्यातून जेमतेम वाचला होता. या पिढीने सुल्लाने काय लिहिले यापेक्षा काय केले तेच लक्षात ठेवले.

म्हणूनच सुल्लाने सत्ता सोडली हा मुद्दा त्याच्या खात्यावर जमा करताना हात आखडता घ्यावा. सत्ता सोडणे त्याच्या हातात होते. ती मिळवण्याचा जो मार्ग त्याने दाखवला, तो मागे घेणे त्याच्या हातात नव्हते. नियम कडक आहेत की सैल, हे तपासण्याआधी ते मोडणाऱ्याला पहिल्यांदा काय भोगावे लागले ते तपासावे. रोममध्ये पहिल्यांदा नियम मोडणाऱ्याला काहीही भोगावे लागले नाही. तो वयाच्या साठीत, अंथरुणावर, आत्मचरित्राच्या बाविसाव्या खंडावर काम करता करता गेला, आणि त्याची अंत्ययात्रा राजासारखी निघाली.