उसवलेली शिवण

शिलाई मशीनवर पहिल्यांदा बसणाऱ्या प्रौढ माणसाची फजिती मोठी गमतीदार असते. पायाखालची फळी दाबावी तर चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो. चाक सरळ फिरू लागले तर कापडच हातातून निसटून वाकडे धावते. म्हणून जाणते शिक्षक पहिले काही दिवस सुईत दोरा ओवूच देत नाहीत. वहीचा रेघी कागद सुईखाली धरायचा आणि छापील रेघेवरून नुसती भोके पाडत जायचे. मग तो कागद उजेडाकडे धरला की भोकांची रांग रेघ सोडून कोठे भरकटली ते लख्ख दिसते. लहान मुलाला या खेळाची मौज वाटते. घर चालवणाऱ्या, मुलांच्या फीचा आणि वाणसामानाचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या चाळिशीच्या बाईला मात्र त्याची लाज वाटते. आपल्याला एक रेघही सरळ ओढता येत नाही, हे इतरांच्या देखत उघड व्हावे, ही गोष्ट त्या वयात सोपी नसते.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या सलग पसरलेल्या महानगरात अशा नवशिक्या बायका पुष्कळ आहेत. कोणाची शाळा पाचवीत सुटलेली असते, कोणी लग्नानंतर दूरच्या जिल्ह्यातून येथे आलेली असते. शाळेची राहिलेली वाट पुन्हा चालू पाहणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान हे नाव त्याला २००२ मध्ये मिळाले. नोएडात मुख्यालय असलेल्या या संस्थेच्या व्यवसाय शिक्षणात कपडे बेतणे आणि शिवणे यांनाही स्थान आहे. तरीही शिवण शिकणाऱ्या बाईला पहिला प्रश्न घरातूनच विचारला जातो: तयार कपडे एवढे स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशासाठी?

प्रश्न गैर नाही. पूर्व दिल्लीतील गांधीनगरच्या घाऊक बाजारात तयार कपड्यांचे गठ्ठे ज्या भावाने विकले जातात, त्या भावात घरी कपडा शिवणे अवघडच. कापड, दोरा, बटणे, चुकीने वाया गेलेला तुकडा आणि खर्ची पडलेल्या चार दुपारी यांचा हिशेब मांडला, तर नवशिकीचा पहिला सदरा बाजारातील सदऱ्याहून महाग पडतो. शिवणकामाची बाजू घेणारे लोक हा हिशेब सहसा टाळतात. तो टाळू नये. या विद्येचा लाभ पहिल्या सदऱ्यात शोधू लागले तर निराशाच पदरी येते. तो शोधायचा असेल तर नवशिकीच्या चुकांकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

सर्वांना छळणारी चूक म्हणजे दोऱ्याचा गुंता. तो कापडाच्या खालच्या बाजूला दिसतो, म्हणून दोष बॉबिनचाच आहे अशी नवशिकीची खात्री असते. ती बॉबिन काढते, पुसते, पुन्हा बसवते. गुंता पुन्हा होतो. वास्तविक पुष्कळदा वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. वर ताण नाही, म्हणून खाली गुंता. बिघाड जेथे दिसतो तेथेच तो झालेला असेल असे नाही, हे पुस्तकात वाचून जेवढे पटत नाही तेवढे अशा एका वैतागलेल्या दुपारी पटते.

दुसरी प्रसिद्ध फजिती बाह्यांची. सदऱ्याचा मुंढा पुढच्या बाजूला अधिक खोल कापलेला असतो, मागे कमी. त्यामुळे उजवी बाही आणि डावी बाही एकमेकींची प्रतिबिंबे असतात. नवशिकी एक बाही नीट कापते आणि तीच कापडावर ठेवून हुबेहूब दुसरी कापते. जोडायला घेतल्यावर कळते की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या आहेत! आरशात दिसणारी आकृती आणि खरी आकृती यांतील फरक भूमितीच्या तासाला डोक्यावरून गेलेला असतो. येथे तो हातात येतो.

मापांचेही तसेच. छाती चौतीस इंच, तिचा चौथा भाग साडेआठ, त्यात सैलपणासाठी एक इंच, शिलाईसाठी सोडायचे कापड आणखी वेगळे. अपूर्णांकांच्या भीतीने जिने शाळा सोडली, ती चार दिवसांत पाव आणि अर्धा इंच सहज बोलू लागते. नवे सुती कापड पाण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून मग बेतायचे, हेही तिला एका आखूड झालेल्या परकराने शिकवलेले असते. उभ्या आडव्या धाग्यांना धरून कापलेले कापड फारसे ताणले जात नाही आणि तेच तिरकस कापले की लवचिक होते. त्या कापाला शिंपी उरेब म्हणतात, आणि गळ्याच्या गोलाईला पट्टी लावायची तर ती उरेबच हवी. सरळ पट्टी लावली तर गळ्याला चुण्या पडतात. या पडलेल्या चुण्या पाहूनच बहुतेकींना उरेबचा अर्थ कळतो.

शिंपीकामाचे मराठी शब्दही मोठे बोलके आहेत. कापडावर आखणी करून ते कापणे म्हणजे बेतणे. बेत हा शब्द त्याच्या शेजारीच नांदतो. शिवणीच्या बाहेर राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला म्हणतात माया. माया न ठेवता काटेकोर कापलेला कपडा अंगावर कितीही शोभला, तरी एकदा आखूड झाला की त्याला उपाय नाही.

आणि उसवणे. वर्गात हा शब्द कमीपणाचा मानला जातो, ही खेदाची बाब आहे. घातलेली टीप काढणे म्हणजे अपयश, अशी प्रौढ विद्यार्थिनीची समजूत असते. म्हणून ती वाकडी टीप तशीच दडपते, वर इस्त्री फिरवते आणि पुढे जाते. पुढची प्रत्येक शिवण मग त्या वाकड्या शिवणीवर बेतली जाते. उसवण्यालाही एक पद्धत आहे. दोरा हिसकायचा नाही. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा, कापड उलटायचे आणि दुसऱ्या बाजूचा दोरा हलकेच ओढायचा. सबंध टीप कापडाला इजा न करता निघून येते. ज्या वर्गात पहिल्या आठवड्यातच हे शिकवले जाते, तेथील बायका मोकळेपणाने चुकतात, आणि म्हणून लवकर शिकतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही सोय नाही. शिवणीत आहे, आणि शाळेत एकदा हरलेल्या माणसाला तिचे मोल अधिक वाटावे.

या चुकांचे मोल कळायचे असेल तर याच महानगरातील कारखान्यांकडे पाहावे. ओखला, नोएडा आणि गुरुग्रामचे उद्योग विहार येथे परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जातात. तेथे सबंध सदरा एका माणसाच्या हातून सहसा उतरत नाही. एक जण कॉलर जोडतो, एक कफ, एक काज करतो. वेग त्यामुळेच साधतो, हे मान्य केले पाहिजे. पण दहा वर्षे कॉलरच जोडणाऱ्या कारागिराला नोकरी गेल्यावर घरी बसून सदरा शिवता येईलच, याची खात्री नाही. त्याहून वाईट स्थिती घरी बसून ठेक्याचे काम करणाऱ्या बायकांची. ठेकेदार कपड्यांचे गठ्ठे आणून टाकतो. त्यांनी लोंबणारे धागे कापायचे, बटणे लावायची, मणी आणि टिकल्या टाकायच्या. दर नगावर ठरतो, आणि तो ठेकेदारच ठरवतो. हा कपडा सबंध शिवायला किती वेळ लागतो, त्यात कौशल्याचे काम कोणते, हे जिला ठाऊक नाही ती दराबद्दल कोणत्या आधारावर भांडणार? दोन डाव्या बाह्या कापून, उसवून, पुन्हा जोडलेल्या बाईपाशी तो आधार असतो. दिल्लीत ‘सेवा भारत’च्या पाठबळाने २०१० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘रुआब’ या कंपनीत भरतकाम करणाऱ्या बायकांनी मधला ठेकेदार वगळून थेट काम घेण्याचा मार्ग धरला. असे मार्ग प्रत्येकीला खुले नसतात; पण केवळ धागे कापता येणाऱ्या हातांना ते अधिकच बंद असतात.

दिल्लीला हा अनुभव नवा नाही. फाळणीनंतर या शहरात आलेल्या निर्वासितांत घरातील कर्ता पुरुष गमावलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्यात त्यांच्यासाठी वेगळा विभाग निघाला. रामेश्वरी नेहरू त्याच्या प्रमुख होत्या, आणि शिवण, भरतकाम यांची केंद्रे त्या काळी उघडली गेली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ मध्ये सहकारी संघ उभारला आणि त्याचे कार्य फरिदाबादच्या नव्या वसाहतीपर्यंत पोचले. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली प्रौढ स्त्रिया शिवण शिकत होत्या. तेव्हाही या वयात हे कशाला, असे विचारणारे असतीलच.

याच दिल्लीत १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या तरुणाने गांधीजींना विचारले होते की, त्यांचा सर्वच यंत्रांना विरोध आहे काय. उत्तर देताना गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र बनवले, असे त्यांना वाटे. इतिहास मात्र या कथेला दुजोरा देत नाही. सुईचे नेढे टोकाशी असलेल्या यंत्राचे पेटंट एलियास हो याने १८४६ मध्येच घेतले होते. सिंगरने बॉस्टनच्या एका कार्यशाळेतील यंत्रात सुधारणा करून १८५१ मध्ये आपले पेटंट घेतले, आणि त्यामागे धंद्याचा हिशेब होता. कथा खरी नसली तरी गांधीजींची कसोटी खोटी ठरत नाही: यंत्र माणसाच्या हाताला बळ देते की त्या हाताला केवळ यंत्राचा एक भाग करून टाकते? मशीन तेच असते. कारखान्यातील रांगेत त्याचे उत्तर एक येते, घरच्या खिडकीपाशी दुसरे.

घरच्या खिडकीपाशी मात्र आणखी एक अडचण उभी राहते. गल्लीच्या तोंडाशी दुकान मांडून बसलेला शिंपी पुरुष असतो आणि त्याचे काम धंदा म्हणवले जाते. तेच काम घरात बसून बाई करते तेव्हा त्याला छंद म्हणतात. शेजारीण साडी घेऊन येते, ‘भाभीजी, जरा एवढा फॉल लावून द्या’ असे म्हणते आणि पैशांचा विषय निघत नाही. दुकानदाराला हीच शेजारीण मुकाट्याने पैसे मोजते. नवशिकीने पहिल्या दोन साड्यांचे पैसे घेऊ नयेत, हे ठीक. हात बसायचा असतो. तिसऱ्या साडीला तिने दर सांगावा. तो सांगताना आवाज कापतो, आणि तो स्थिर करण्याचा सराव कोणत्याही शिवणवर्गाच्या वेळापत्रकात नसतो. तो असावा.

जून संपत आला की या वस्त्यांतून शाळेच्या गणवेशांची लगबग सुरू होते. नवशिकी आता मुलीचा स्कर्ट बेतत असते. तिने कापड रात्रीच भिजवून वाळवले आहे, माप दोनदा घेतले आहे. खालच्या घडीत ती तीन बोटे माया आत दुमडते आणि त्यावर मुद्दाम मोठ्या टाक्यांची टीप घालते. पुढच्या वर्षी मुलगी उंच झाली की तेवढीच टीप तिला उसवायची आहे.