सतारीची रोमन वंशावळ

लॅटिन 'किथारा' हें वाद्यनाम आपल्या 'सप्ततार' या शब्दापासून निघालें, म्हणजे ती आपली सतारच होय, असें छातीठोकपणें सांगणारे व्युत्पत्तिकार पुण्यास दुर्मिळ नाहींत. पूर्वजांचा अभिमान आम्हांसही आहे. पण वंशावळ खोटी रचून तो वाढत नाहीं, उलट खऱ्या पुराव्यावरचाही परक्यांचा विश्वास उडतो.

प्रथम उच्चार पाहा. या शब्दाचें आद्याक्षर इंग्रजी वळणानें वाचलें म्हणजे 'सिथारा' होतें व सतारीचा भास होतो. सिसेरोच्या काळचा रोमन तेथें 'क'च उच्चारी. खुद्द सिसेरोही त्याच्या घरीं 'किकेरो'च होता. प्राचीनत्व मिरवावयाचें आणि पाया मात्र साहेबाच्या जिभेवर घालावयाचा, हा कसला स्वाभिमान?

लॅटिननें हा शब्द ग्रीकांकडून घेतला. होमरच्या काव्यांत 'किथारिस्' हें रूप आहे. तो ग्रीकपूर्व भाषेंतला असावा, असा अनेक पंडितांचा कल दिसतो. 'सप्त' मात्र तेथें बसत नाहीं. सप्ताचें ग्रीक भावंड 'हेप्टा', लॅटिन 'सेप्टेम्'. आद्य सकाराचा ग्रीकांत हकार होतो, ककार नव्हे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं 1877 सालीं विल्सन व्याख्यानें देऊन भाषाशास्त्राची शिस्त घालून दिली. त्यांच्या नांवाची संस्था 1917 पासून ज्या नगरींत उभी आहे, तेथें तरी हें पुन्हा सांगावें लागूं नये.

आपली सतार फारसी 'सेहतार', म्हणजे तीन तारांची. दोतार ही तिची बहीण. मराठी मुखांत 'सितार'ची 'सतार' झाली आणि आम्हांस लगेच सात तारा दिसूं लागल्या! हें नांव दिल्लींत 18 व्या शतकांत पुढें येतें. होमर कोठें आणि तें कोठें! शिवाय किथारेस दोन भुजा व वर आडवा दांडा, तारा मोकळ्या. सतारीस लांब दांडी व पडदे. वाद्यांची जातच निराळी.

साम्याची हौसच असेल तर लॅटिन कवि या जातीच्या वाद्यास 'टेस्टूडो', म्हणजे कांसव, म्हणत. आणि आमच्या सरस्वतीची वीणा 'कच्छपी'. हें साम्य खरोखर मनोहर आहे; पण त्यांत कोणी कोणाचें ऋणको नाहीं.

मिरजेच्या सतारीस 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें तेथल्या कारागिरांनीं भोपळ्यावर व लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या मेहनतीचें फळ. त्यासाठीं कोणास रोमचें प्रशस्तिपत्र आणावें लागलें नाहीं.