ट्यूब लावण्याआधी चट्टा पाहा

रोवणी लागली की सिंदेवाही, नवरगाव, नागभीडकडच्या औषधाच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते. "थे मांगची ट्यूब दे ना गा भाऊ, दोन दिवसात खाज बंद झाली होती." ट्यूब मिळते, दोन दिवसांत खाज खरोखर बंद होते, आणि दिवाळीपर्यंत तोच चट्टा तिप्पट होऊन परत येतो. मग आणखी एक ट्यूब, या वेळी जरा महागाची.

रोवणीत अंगाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून परे लावायचे. ओलं लुगडं कमरेला खोचलेलं, नाडीखाली घाम साचलेला, पायाच्या बोटांत चिखल्या. पोरांच्या अंगात पावसात भिजून तशीच वाळलेली घट्ट जीन्स. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. कडा लालसर, उंच, बारीक खवल्यांची. ही कडा बाहेर सरकत जाते आणि मधला भाग निवळत जातो. हे गजकर्ण. ही जिवंत बुरशी आहे आणि ओलाव्यात तिचं फावतं.

आता ट्यूबकडे बघू. बाजारात खाजेच्या म्हणून खपणाऱ्या अनेक ट्यूबांत तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची आणि एक स्टिरॉइड. दोन दिवसांत गुण दाखवतं ते त्यातलं शेवटचं.

स्टिरॉइड हे नाव ऐकून घाबरून जायचं कारण नाही. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज अशाच प्रकारचं द्रव्य तयार करतात. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर चालतं हे दाखवलं आणि त्वचारोगांचा उपचारच बदलला. त्याआधी डांबराची मलमं आणि पट्ट्या यांवरच लोकांना दिवस काढावे लागत. स्टिरॉइड कातडीतला दाह शमवतं, फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि शरीराच्या संरक्षक पेशींना गप्प बसवतं.

सगळी गोम या गप्प बसवण्यात आहे. इसब, सोरायसिस, एखादी वस्तू अंगाला लागून उठलेली पुरळ यांत शरीराची स्वतःचीच आदळआपट हा रोग असतो. ती थांबली की माणूस बरा होतो. गजकर्णात मात्र लालसरपणा आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी झगडत असल्याची खूण. तिथे स्टिरॉइड लावलं की पहारेकरी झोपतो आणि चोर घरभर फिरतो. वर सगळं शांत दिसतं, खाली बुरशी पसरत राहते. मग चट्ट्याच्या आत चट्टा, कड्यात कडं असं रूप दिसू लागतं. कधी कडाच पुसली जाते आणि डॉक्टरलाही ओळखू येत नाही असा बुरा डाग उरतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्ण चिवट झालं आहे. पूर्वी एका मलमाने जायचं, आता महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागतात. टर्बिनाफिन या भरवशाच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे फोफावली. जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली तिचं नामकरण करताना नावातच 'इंडो' घातलं, आणि 2023 मध्ये न्यू यॉर्कमध्ये ती सापडल्यावर अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने सावधगिरीची सूचना काढली. या चिवटपणामागे मनमानी वापरलेल्या मिश्र ट्यूबा आहेत असं अनेक त्वचातज्ज्ञ मानतात. देशाच्या नावाने ओळखली जावी अशी ही कीर्ती नव्हे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ट्यूबचं नाव विचारण्याआधी चट्टा कसला आहे ते विचारा. आणि ट्यूब हातात आली की तिच्यावरची बारीक अक्षरं एखाद्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. ठळक छापलेलं ते कंपनीचं नाव, आपल्याला हवं ते त्याच्या खाली असतं. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे शेवटी 'सोल', 'सोन' किंवा 'लोन' आलं की बहुधा स्टिरॉइड समजा. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल असा 'झोल' आला तर ते साधारणपणे बुरशीवरचं. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये दिसली तर डॉक्टरच्या सांगण्याशिवाय लावू नका. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. पण नियम कागदावर असतो आणि गिऱ्हाईक काउंटरवर. एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात रांग लावण्यापेक्षा दुकानातून ट्यूब नेणं कुणालाही सोपंच वाटणार. ती मजुरी वाचते खरी, पण पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांत दामदुपटीने जाते.

आता स्टिरॉइड जिथे खरंच हवं त्या आजारांबद्दल. आपल्याकडचं ठळक उदाहरण बिब्याचं. गोडंबी काढताना किंवा जंगलात फळं वेचताना बिब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी काळवंडते, फोड येतात, आग आग होते. बिबा उतणं म्हणतात ते हेच. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमकी त्या खुणेखालीच पुरळ उठली आणि त्यांचे डॉक्टर चक्रावले. बिबा लागला तर लगेच साबणाने खूप धुवा. नंतर डॉक्टर स्टिरॉइड देतील आणि ते लावायलाच हवं. चेहरा सुजला, डोळ्याजवळ गेलं किंवा मोठे फोड आले तर थेट रुग्णालय गाठा. गाजर गवताने मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आत उठणारा इसबही याच जातीचा. मलमाने बरं वाटेल, पण ते गवत उघड्या हाताने उपटत राहिलात तर कुठलंच मलम पुरं पडणार नाही.

अशा आजारांत लोक उलट चूक करतात. स्टिरॉइड आहे म्हणून भिऊन उगीच चिमूटभर लावतात, एक दिवस लावून दोन दिवस सोडतात, आणि इसब वर्षानुवर्षं रेंगाळतो. नीट लावलं तर थोड्या दिवसांत काम होतं. मोजमाप बोटावरच आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चट्टा आपल्या एका तळव्याएवढा असेल तर अर्धी रेघ. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पातळ थर. घासायचं नाही, कापूस-पट्टी बांधून झाकायचं नाही. झाकलं की औषध कितीतरी जास्त मुरतं. लहान बाळाच्या लंगोटाखाली म्हणूनच हे मलम धोक्याचं. दिवस डॉक्टर सांगतील तेवढेच. क्लोबेटासोलसारखं जहाल मलम सलग दोन आठवड्यांपलीकडे स्वतःच्या मनाने ओढू नका. दाह उतरला की साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन रोज लावत राहा, कोरडी कातडी पुन्हा चिडते.

कुठे लावता याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत 1967 साली झालेल्या मोजणीत हाताच्या कातडीच्या मानाने जबड्याजवळ 13 पट आणि अंडकोषाच्या कातडीतून 42 पट स्टिरॉइड शरीरात जातं असं दिसलं. तळहात-तळपायांच्या जाड कातडीवर जे चालतं तेच जांघेत लावलं तर कातडी पातळ होते आणि लाल-पांढऱ्या भेगांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे पुढे फिके पडतात, पण जात नाहीत.

आणि चेहरा. लग्न ठरलं, फोटो काढायचा आहे, रंग उजळायचा आहे म्हणून मैत्रिणीकडून आलेली क्रीम. पहिले पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, म्हणूनच ती हातोहात फिरते. मग मुरुमं, लव, उन्हात आग, गालांवर लाल जाळं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातल्या 392 जणांना त्याचा त्रास झालेला होता. निम्म्याहून जास्त जणांना ती क्रीम डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवली होती. क्रीम बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पोरी ती पुन्हा लावतात. हे चक्र तोडायला डॉक्टरची मदत लागते, कारण औषध हळूहळू उतरवावं लागतं. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नका. चट्टा का बिघडला हे त्या ट्यूबांवरूनच कळतं.

गजकर्णच असेल तर स्टिरॉइड नसलेलं औषध कडेच्या बाहेर दोन बोटं जागा घेऊन लावा, चट्टा गेल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करा. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात उलटे करून वाळवलेले. खरजेचंही तसंच, बोटांच्या बेचक्यात रात्री खाज सुटते आणि घरभर असते. तिला स्टिरॉइडने दडपलं तर महिनाभराने आख्खं घर खाजवत बसतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, पण तिथे खाज नाही, दुखत नाही, काडी टोचली तरी कळत नाही, घामही येत नाही, अशा चट्ट्यावर कुठलीही ट्यूब लावू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं वरोऱ्याचं आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यातलंच, त्यामुळे या आजाराची ओळख आपल्याला इतरांहून जास्त असायला हवी होती. तरी आजही माणसं लाजेपोटी आधी ट्यूब घेतात. स्टिरॉइडने चट्टा काही दिवस फिका होतो आणि तपासणी लांबते, तोवर नस बधिर होत जाते, बोटं वाकतात. याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की आजार बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर तो लवकरच इतरांना लागेनासा होतो. आशाताईंना चट्टा दाखवा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवतील. चंद्रपूरला जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोठ्या डॉक्टरांना दाखवता येतं का ते विचारा. दाखवताना चट्टा उजेडात धरा, आणि आठवडाभर त्यावर काही लावलेलं नसावं.