जहाजाआधीचे विमान

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटे काढताना व्यापारी कुटुंबात चर्चा होते ती केबिनची. बाल्कनी हवी की नुसती खिडकी पुरे, आजी-आजोबांची खोली लिफ्टजवळ मिळेल का, जैन भोजनगृह कोणत्या मजल्यावर आहे, हे सारे आठवडाभर चालते. विमानाचे तिकीट मात्र एका संध्याकाळी, सर्वांत स्वस्त दिसेल ते घेतले जाते. जागा निवडण्यासाठी वेगळे पैसे मागितले की हिशेबी मन बिथरते आणि ‘विमानतळावर मिळेल ती घेऊ’ असा निर्णय होतो. जिथे लाखांचा खर्च आनंदाने होतो, तिथे ही काटकसर नेमकी वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांवर आणि त्यांच्या व्रतांवर येऊन पडते.

मुंबई ते सिंगापूर हा थेट प्रवास साधारण साडेपाच तासांचा. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. हे दोन आकडे चौविहार पाळणाऱ्यांनी कागदावर मांडून पाहावेत. सकाळी ११ वाजता मुंबई सोडणारे विमान तेथे संध्याकाळी ७ च्या सुमारास उतरते. विषुववृत्ताजवळ असल्याने सिंगापूरला वर्षभर सूर्यास्त सातच्या आगेमागेच होतो. म्हणजे मनगटावरचे घड्याळ अजून मुंबईची साडेचारची वेळ दाखवत असते आणि खिडकीबाहेर दिवस संपत आलेला असतो. ‘अजून वेळ आहे, उतरण्यापूर्वी खाऊ’ असे म्हणत बसलेल्या आजींचा घास हातातच राहतो. अशा विमानात पहिली थाळी येईल तेव्हाच पोटभर जेवावे. शेवटच्या तासातल्या अल्पोपाहारावर विसंबू नये. आकाशात सूर्यास्त कोणत्या गावचा धरायचा, याविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. विमानात बसल्यावर हा वाद घालण्यात अर्थ नाही.

रात्रीच्या विमानाचे गणित निराळे आहे. रात्री साडेअकराला निघालेले विमान सकाळी साडेसातला पोहोचते. थाळी येते ती मध्यरात्रीनंतर, आणि न्याहारी बहुधा सूर्योदयापूर्वी. दोन्ही व्रतस्थाच्या उपयोगाच्या नाहीत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे. विमानातील हवेत आर्द्रता २० टक्क्यांहूनही कमी असते. घसा आणि ओठ कोरडे पडतात. डॉक्टर सांगतात पाणी पीत राहा, आणि चौविहारात पाणीही वर्ज्य. पूर्वेकडे जाताना रात्र अडीच तासांनी आखूड होते, म्हणून जाताना हे निभावते. परतीच्या प्रवासात मात्र तीच रात्र लांबते. सिंगापूरला सात वाजता पाणी सोडून रात्रीच्या विमानात बसलेल्या व्यक्तीची मुंबईत नवकारशी येईपर्यंत जवळजवळ पंधरा तास होतात. घरी पंखा लावून झोपलेल्या माणसाचे तेरा तास आणि अरुंद खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून काढलेले हे पंधरा तास एक नव्हेत. ज्या घरात कोणी चौविहार करतो, त्या घराने दोन्ही वेळा दिवसाचे विमान घ्यावे. भाडे थोडे अधिक पडले तरी तो खर्च वाया जात नाही.

पायांची बाब थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ न हलता बसल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. एकूण प्रमाण तरीही अल्पच, साधारण ६,००० प्रवाशांत एक. घाबरण्याचे कारण नाही, पण स्थूल देह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी गाठ झालेली असेल तर डॉक्टरांना आधी भेटावे, आणि दाब देणारे मोजे त्यांनी सांगितले तरच घालावेत. इतरांनी तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकावीत, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत. त्यासाठी जागा मार्गालगतची हवी. खिडकीजवळ बसवलेल्या आजी शेजारच्या दोघांना उठवायचे म्हणून संकोचतात, पाणी पिणे टाळतात आणि उतरताना पाय सुजलेले असतात. घरातील धाकट्यांना हे लक्षात येत नाही, कारण आजी तक्रार करीत नाहीत.

मार्गालगतची जागा स्वच्छतागृहापासून दोन-चार रांगा दूर असावी. अगदी लगत घेतल्यास दाराचा आवाज आणि रांगेतील माणसे झोपू देत नाहीत. पंखांच्या आसपास हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे अधिक. सर्वांत मागच्या रांगेतील पाठ पुष्कळदा मागे झुकत नाही, आणि आपत्कालीन दारापुढच्या रांगेचीही हीच गत असते. त्या दाराजवळची रांग पाय पसरायला मोकळी खरी. पण तेथे ज्येष्ठ, लहान मुले, गर्भवती किंवा ज्यांना चालण्यास अडचण आहे अशांना बसू देत नाहीत. गुडघेदुखीसाठी म्हणून आजींकरिता ती जागा विकत घेतली, तर विमानात त्यांना उठवून दुसरीकडे बसवतात आणि पैसे अडकतात. भिंतीसमोरची पहिली रांगही फसवी: पाय पुढच्या खुर्चीखाली सरकवता येत नाहीत, हाताचा दांडा वर होत नाही, आणि औषधांची पिशवीसुद्धा उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात ठेवावी लागते. तान्ह्या बाळाच्या पाळण्यासाठी मात्र तीच रांग योग्य.

आठ जणांच्या कुटुंबाने सलग आठ जागांचा हट्ट धरू नये. मार्गाच्या अलीकडे-पलीकडे आजी-आजोबा, त्यांच्या शेजारी एक समजूतदार नातवंड, आणि बाकीचे मागच्या रांगेत, एवढे पुरते. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाजवळ जागा द्यावी, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये दिला आहे. म्हणून मुलांची तिकिटे वेगळ्या पीएनआरवर काढू नयेत. मधल्या जागेचा प्रश्न उरतोच. बहुतेक घरांत ती जागा न विचारता सूनबाईंच्या वाट्याला येते, आणि तिच्याच मांडीवर मूलही झोपते. जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने ती घ्यावी, हे तिकीट काढतानाच ठरवलेले बरे.

भोजनाची नोंद किमान २४ तास आधी करावी लागते. यादीत ‘एशियन व्हेजिटेरियन’ आणि ‘जैन’ असे दोन वेगळे पर्याय असतात. पहिल्यात कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. जैन थाळीचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा आहे, तो तिकिटावर प्रत्येक टप्प्यासाठी दिसतो की नाही हे तपासावे. विमान बदलले गेले तर ही नोंद गळू शकते. आणखी एक बारीक गोष्ट: थाळी ज्या जागेच्या नावे असते, तेथेच येते. घरातल्या घरात जागा बदलल्या तर सेविकेला सांगावे, नाहीतर आजींची थाळी नातवापुढे जाते. उकळलेले पाणी सुरक्षा तपासणीतून नेता येत नाही. रिकामा थर्मास नेता येतो, आणि विमानात गरम पाणी मागितल्यास मिळते. खाखरे, भाजलेले पोहे, शेव बंद पाकिटांत ठेवावेत. घरी शिजवलेले अन्न जहाजावर सहसा चढवू देत नाहीत.

औषधे, पासपोर्ट, क्रूझची कागदपत्रे, पूजेचे साहित्य आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच असावा. विमान कंपनीकडून सामान उशिरा आले तर ते जहाजाला पुढच्या बंदरावर गाठते, तेही गाठले तर. चाकाची खुर्ची हवी असल्यास ४८ तास आधी कळवावे; ज्येष्ठांना त्यात कमीपणा वाटतो, पण विमानतळावरची चाल विमानातील चार पावलांसारखी नसते.

एवढे सारे करूनही विमान उशिरा आले तर जहाज थांबत नाही. बंदरावरील नोंदणी जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते. म्हणून एक दिवस आधी पोहोचणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. भूमध्य समुद्राच्या क्रूझसाठी तर ते अनिवार्यच मानावे; ‘रोम’ म्हणून विकलेले बंदर चिविताव्हेक्क्या येथे, शहरापासून ७०-८० किलोमीटरवर आहे. परत येताना जहाजावरून सकाळी उतरवतात. सिंगापूरहून दुपारी साडेबाराच्या सुमारास विमान मिळाले, तर मुंबईच्या घड्याळात साडेतीन वाजता कुटुंब खाली उतरते. सामान घेऊन घरी पोहोचून सूर्यास्तापूर्वी गरम वरण-भात होतो.